झेंडू, जास्वंद आणि कावळा

"तुम्ही झेंडू," असं म्हणत त्या मुलीने माझ्या शर्टाच्या खिशावर पिवळ्या कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि वरून तळहाताने दाबून घट्ट केली. "आजच्यापुरतं हेच तुमचं नाव. खरी नावं मला माहीत नाहीत आणि मला ती करूनही घ्यायची नाहीत. म्हणजे तुम्हाला अगदी मोकळेपणी बोलता येईल."

मी मान हलवली. झेंडू होण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तेवढ्या काळात लोकांनी मला बिचारा, कर्तव्यदक्ष आणि 'असे मुलगे आता राहिले नाहीत हो' इतकं सगळं म्हणून झालं होतं. त्यापेक्षा झेंडू बरा.

सांगलीतल्या एका ट्रस्टच्या इमारतीतली ती खोली. खिडक्या बंद, एसी चालू, खुर्च्या गोलात. मधल्या टीपॉयवर एक रेकॉर्डर आणि टिश्यू पेपरचा डबा. मुलीचं नाव मिताली शृंगारपुरे. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेतून ती आली होती आणि जवळचं माणूस गमावलेल्यांना नेमकी कशाची गरज असते यावर संशोधन करत होती. आई ज्या दवाखान्यात होती तिथून तिला माझा फोन नंबर मिळाला होता.

"याला फोकस ग्रुप म्हणतात," तिने मला समजावलं. "ही मुलाखत नाही. मी फक्त विषय काढणार. बोलायचं तुम्ही, एकमेकांशी. सारख्या अनुभवातून गेलेली अनोळखी माणसं एकत्र आली की घरी बोलता येत नाही ते बोलतात, असं दिसून आलंय."

पद्धत शास्त्रीय होती. फक्त एक गोष्ट मितालीच्या लक्षात आली नव्हती. तिने सगळी माणसं गावाच्या एकाच भागातून जमवली होती, आणि आमच्या भागात माणसाला नाव न सांगता बसवलं तरी त्याचे गेलेले सगळे नातेवाईक बाकीच्यांना पाठ असतात.

कमळ म्हणून बसल्या होत्या त्या आमच्या समोरच्या इमारतीतल्या चौगुले काकू. मला बघताच त्या म्हणाल्या, "अगं बाई, गिरीश! तूसुद्धा?"

"कमळ," मिताली गोड आवाजात म्हणाली, "इथे आपण कोणाला ओळखत नाही, हो ना?"

"छे, मी कुठे ओळखते? बस रे गिरीश."

गुलाब म्हणजे हार्डवेअरवाले मगदूम. त्यांचा थोरला भाऊ गेला होता. अबोली आणि मोगरा अशा आणखी दोघीजणी होत्या. त्या शेवटपर्यंत नुसत्या माना हलवत राहिल्या, म्हणून त्यांना मी इथेच सोडतो. सहावी खुर्ची रिकामी होती.

"आपले जास्वंद यायचेत," मिताली म्हणाली. "ज्येष्ठ नागरिक संघाने पाठवलंय त्यांना."

दार उघडलं आणि जास्वंद आत आले. ते माझे वडील होते.

सकाळी अण्णांनी मला सांगितलं होतं की दुपारी दात दाखवायला जायचंय. मी त्यांना सांगितलं होतं की ऑफिसात ऑडिट आहे. आता दात आणि ऑडिट एकमेकांकडे बघत उभे होते. अण्णांचा चेहरा जराही हलला नाही. जिल्हा न्यायालयात सगळी नोकरी बेंच क्लार्क म्हणून, न्यायाधीशांच्या पायथ्याशी बसून काढलेला माणूस. पुढ्यात खून वाचले गेले तरी त्यांचं पेन थांबलं नव्हतं. त्यांनी मितालीकडून लाल चिठ्ठी लावून घेतली आणि माझ्या बरोबर समोर बसले.

चौगुले काकूंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पदर तोंडाशी नेला.

मी उठून जायला हवं होतं. पण उठलो असतो तर 'हे माझे वडील आहेत' हे मान्य केल्यासारखं झालं असतं, आणि मग पुढचं काहीतरी बोलावं लागलं असतं. वर्षभर आम्ही दोघांनी मोठ्या मेहनतीने जे टाळलं होतं ते हेच. आई गेल्यावर मी पुण्याहून वर्षभरासाठी सांगलीच्या शाखेत बदली मागून घेतली होती. बायको मीनल आणि मुलगी गार्गी पुण्यात; दर शनिवारी मी जायचो, रविवारी रात्री परत. वर्ष संपत आलं होतं. परत जायचं की कायमचं इथे राहायचं, ते पुढच्या सोमवारपर्यंत ऑफिसला कळवायचं होतं. मला परत जायचं होतं. पण मी शब्द दिला होता, आणि ज्याला दिला होता त्याच्याकडून तो परत मागायची सोय नव्हती.

मितालीने रेकॉर्डर सुरू केला. "दोन-तीन नियम. बरोबर उत्तर, चूक उत्तर असं काही नाही. एका वेळी एकाने बोलायचं. कोणालाही अस्वस्थ वाटलं तर कधीही उठून जायची पूर्ण मुभा आहे."

हे ऐकल्यावर सगळे खुर्चीत आणखी मागे सरकून बसले. ज्या खोलीतून जायची पूर्ण मुभा असते तिथून निघणं फार अवघड असतं. निघणारा अस्वस्थ आहे हे सगळ्यांना कळतं.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथे बोललेलं इथेच राहील."

अण्णांनी हात वर केला. "म्हणजे कामकाज बंद दाराआड. बाहेर त्याचा उल्लेख नाही."

"अगदी बरोबर, काका. म्हणजे, जास्वंद."

"कोणीच नाही. कोणापाशीच नाही. घरातल्या माणसांपाशीसुद्धा नाही."

"घरातल्या माणसांपाशीसुद्धा नाही."

अण्णांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "सगळ्यांना मान्य आहे का, ते एकदा विचारून घ्या."

"मान्य," मी म्हणालो.

सुरुवातीला सगळं व्यवस्थित चाललं. मितालीने विचारलं, गेलेल्या माणसाची कोणती आठवण जास्त येते? चौगुले काकू म्हणाल्या, ते फार प्रेमळ होते. मगदूम म्हणाले, "आमच्या दादाचंबी तसंच. लई प्रेमळ." मी म्हणालो, आई प्रेमळ होती. अण्णा म्हणाले, प्रेमळ. मितालीने विचारलं, नातेवाइकांचा आधार मिळाला का? काकू म्हणाल्या, खूप. मगदूम म्हणाले, "तसंच." अबोली आणि मोगऱ्याने माना हलवल्या. सहा माणसांचं दुःख तोवर एकाच साच्यातून काढल्यासारखं झालं होतं आणि मितालीच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली होती.

"आपण जरा वेगळ्या बाजूने जाऊ," ती म्हणाली. "असा एखादा विधी, ज्याने तुम्हाला आधार दिला?"

"कावळा," चौगुले काकू लगेच म्हणाल्या. "यांच्या दहाव्याला कावळा असा झडप घालून आला की गुरुजींना बाजूला व्हायलाही वेळ मिळाला नाही. सगळे म्हणाले, तृप्त आत्मा. आता बघा, उभ्या जन्मात यांनी माझ्या आमटीला चांगलं म्हटलं नाही, आणि म्हणे तृप्त!"

मगदूम तोंड उघडत होते, पण त्याआधी अण्णा बोलले.

"आमच्याकडे कावळा येईना."

खोलीतला एसी एकदम मोठ्याने वाजायला लागल्यासारखा वाटला. मी टिश्यूच्या डब्यावर काय छापलंय ते वाचायला घेतलं.

"कावळ्याचं महत्त्व जरा सांगाल?" मिताली म्हणाली. "रेकॉर्डिंगसाठी."

"सांगतो, मॅडम." रेकॉर्ड म्हटल्यावर अण्णा ताठ बसले. "दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवतात. कावळा शिवला तर गेलेलं माणूस समाधानाने गेलं. नाही शिवला तर काहीतरी इच्छा मागे राहिली. मग घरच्यांनी ओळखायचं, कोणती. आणि एकेकाने पुढे होऊन कबूल करायचं की मी ती पुरी करतो. ज्याच्या शब्दाला कावळा येईल, त्याचा शब्द लागू. आमच्याकडे ऊन चढलं. कावळे समोरच्या झाडावर रांगेने बसलेले. बघत होते, खाली येत नव्हते. हिचा भाऊ म्हणाला, सामाईक जमिनीचा वाद मी मिटवतो. कावळा ढिम्म. भाची म्हणाली, मामीच्या तुळशीला मी पाणी घालीन. ढिम्म. गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ, मला दुसरीकडे जायचंय. तेव्हा आमची बहीण मुलाच्या कानाशी लागली."

आमची शकुआत्या. तिचा श्वास अजून माझ्या कानाला आठवत होता. अरे, वहिनीचा जीव अण्णात अडकलाय, शब्द दे.

"मुलगा हात जोडून पुढे गेला. डोळे मिटले. म्हणाला, आई, मी अण्णांना एकटं ठेवणार नाही. मी इथेच येऊन राहीन." अण्णा थांबले. "आणि कावळा आला."

"ओह," मिताली म्हणाली. तिने छातीवर हात ठेवला होता. "म्हणजे त्या क्षणी तुम्हाला आधार मिळाला."

साक्षीदाराने प्रश्न नीट समजून घेऊनच उत्तर द्यावं असं अण्णांचं कायम मत होतं.

"कोणाला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला."

"तो मला सांभाळतो, मॅडम. त्यामुळे मला त्याला सांभाळावं लागतं."

मितालीने पेन उचललं. चौगुले काकू खुर्चीच्या कडेवर आल्या.

"म्हणजे कसं?"

"म्हणजे सकाळी उठून तो पोहे करतो. कच्चट असतात. मी खातो. संध्याकाळी तो यायच्या आत मी दाढी करून, शर्ट बदलून बसतो. नाहीतर त्याला वाटेल, हा खचला. मग तो मला बागेत फिरायला नेतो. मला बाग आवडत नाही. तिथे सगळे कमरेवर हात ठेवून मोठ्याने हसत असतात, त्याला व्यायाम म्हणतात. रात्री तो माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहतो, झोपलो का बघायला. मी झोपल्याचं दाखवतो. घोरतो सुद्धा. मग तो जातो."

मी डब्यावरचं वाचून संपवलं होतं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"आमची ही गेली, मॅडम. एवढी वर्षं एका घरात काढली. मला अजून एकदाही धड रडायला मिळालेलं नाही. घर रिकामं मिळत नाही. तो ऑफिसला गेला की कामाची बाई येते. बाई गेली की समोरच्या इमारतीतून कोणी ना कोणी डबा घेऊन येतं, बसतं, विचारपूस करतं."

"आता माणुसकी म्हणून मी आपली..." चौगुले काकू म्हणाल्या आणि एकदम सावरल्या, "म्हणजे येत असेल कोणी, माणुसकी म्हणून."

"मग हे तुम्ही मुलाला सांगितलंत का?" मितालीने विचारलं.

"कसं सांगणार? त्याने सगळ्यांदेखत शब्द दिलाय. आणि त्याला राहायचंय माझ्यापाशी. नाहीतर बायको-मुलगी तिकडे टाकून कोण येतं?"

मितालीच्या शास्त्राप्रमाणे आता दुसऱ्या कोणीतरी बोलायला हवं होतं.

"झेंडूला विचारा की," चौगुले काकू छताकडे बघत म्हणाल्या. "मघापासून गप्प आहे तो."

"हो, झेंडू? जास्वंदांचं ऐकून तुमच्या मनात काय येतंय?"

चार फुलं माझ्याकडे बघत होती. पाचवं आपल्या चपलांकडे. दार माझ्या पाठीमागे होतं आणि मला उठून जायची पूर्ण मुभा होती.

"जास्वंदांना एक विचारायचं होतं," मी म्हणालो. माझा आवाज बँकेच्या रांगेत उभं राहून बोलावं तसा येत होता. "मुलाला राहायचंय, हे त्याने तुम्हाला सांगितलं का?"

"राहतोय की."

"शब्द दिलाय म्हणून राहत असेल."

अण्णांनी चपलांवरची नजर काढली नाही. "झेंडूंचा अनुभव काय आहे?" त्यांनी विचारलं. तेही मितालीला. "तेही कोणी गेल्याशिवाय इथे आले नसतील."

"माझी आई गेली," मी म्हणालो. "मी वडिलांपाशी राहतो. त्यांना पोहे आवडतात म्हणून लवकर उठून पोहे करतो. मला स्वतःला पोहे बघवत नाहीत. संध्याकाळी ते रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले असतात, म्हणून मला वाटतं त्यांना बाहेर जायचंय. मग बागेत नेतो. बागेत माझा जीव गुदमरतो. रात्री त्यांच्या दाराशी जातो. ते घोरत असले की बरं वाटतं. हा माणूस झोपतोय तरी. मग मी माझ्या खोलीत येतो आणि..." इथे मला थांबावं लागलं. "भिंत पातळ आहे आमची. शेजारच्या खोलीत ऐकू जातं. म्हणून उशी वगैरे. पण उशीत नीट होत नाही. माझी मुलगी फोनवर विचारते, बाबा, कधी येणार? मी म्हणतो, आजोबांना विचारून सांगतो. आणि विचारत नाही."

"का?" अण्णा म्हणाले. या वेळी मितालीला नाही.

"जा म्हणाले तर वाटेल, माझ्यासाठी म्हणतायत. आणि राहा म्हणाले तर..."

"तर?"

"तर राहावं लागेल."

मगदूमांनी घसा साफ केला. "आमचंबी तसंच," ते म्हणाले. मग थोडा विचार केला. "न्हाई. आमचं एवढं न्हाई बघा."

त्यांनी टिश्यूचा डबा उचलून अण्णांपुढे धरला. त्या दिवशी त्या डब्याला हात लावणारं ते पहिलं माणूस. अण्णांनी एक कागद ओढला, नीट चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवून दिला.

"काय सुंदर बोललात तुम्ही दोघं," मिताली म्हणाली. तिचे डोळे खरंच भरले होते. "थांबवायला जिवावर येतंय, पण हा हॉल आपल्याला पुढच्या बॅचसाठी रिकामा करायचाय. शेवटी प्रत्येकाने आजचा अनुभव एका शब्दात सांगा. कमळ?"

"एका शब्दात माझं होत नाही."

"गुलाब?"

"तसंच."

"झेंडू?"

"ठीक," मी म्हणालो. मला तेवढंच सुचलं.

"जास्वंद?"

अण्णा उठून उभे राहिले. "तहकूब," ते म्हणाले.

मी स्कूटरवरून आधी घरी पोचलो. थोड्या वेळाने रिक्षा थांबली. अण्णा आले, चपला काढल्या, पाय धुतले.

"ऑडिट झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. दात?"

"ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे केले. त्यांनी खाल्ले. आता ते कच्चट आहेत हे मला माहीत होतं, मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, आणि तरी मी विचारलं, आणखी देऊ? ते म्हणाले, अर्धा डाव. मी तो अर्धा डाव वाढला. संध्याकाळी ते दाढी करून बसले होते. आम्ही बागेत गेलो. लोक कमरेवर हात ठेवून हसत होते. आम्ही दोघं एका बाकावर बसून त्यांच्याकडे बघत राहिलो आणि मला वाटलं, आता हे असं आमच्यापैकी एक जण मरेपर्यंत चालणार. आधी निदान एकमेकांचं खोटं आम्हाला खरं तरी वाटत होतं.

शुक्रवारी मी धीर केला. "अण्णा, त्या दिवशी तुम्ही..."

"कोणत्या दिवशी?"

"त्या ट्रस्टच्या..."

"बंद दाराआडच्या कामकाजाचा उल्लेख बाहेर करायचा नसतो," अण्णा म्हणाले. "तू मान्य केलंयस." आणि पेपर वर धरला.

शनिवारी पुण्याला गेलो नाही. मीनलला फोन केला. ती म्हणाली, "गिरीश, सोमवारी जे काय ते कळव. पण मला पुन्हा 'बघतो' सांगू नकोस. मला आता 'बघतो' ऐकवत नाही." तिचा आवाज चढलेला नव्हता. त्यामुळे जास्त भीती वाटली.

रविवारी सकाळी दूध घेऊन वर आलो तर बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावलेलं होतं. मध्ये जेवणाच्या दोन खुर्च्या समोरासमोर. दोन्हींच्या मध्ये स्टूल, स्टुलावर आईचा जुना ट्रान्झिस्टर, बंद. त्याच्या शेजारी चार घड्या घातलेला टिश्यू. खिडक्या लावलेल्या. अण्णांच्या सदऱ्यावर लाल चिठ्ठी होती.

"दार लावून घ्या," ते म्हणाले. मला त्यांनी जन्मात कधी अहोजाहो केलं नव्हतं. "तुमची ही. धुवायला टाकलेल्या शर्टावरून काढून ठेवली होती. डिंक गेलाय." त्यांनी ती पिवळी चिठ्ठी माझ्या शर्टाला सेफ्टी पिन घालून लावली. ते करताना एकदा पिन मला टोचलीही, पण ती वेळ सांगायची नव्हती.

मी दुधाची पिशवी मांडीवर घेऊन बसलो.

"तहकूब झालेलं कामकाज पुढे चालू," अण्णा म्हणाले. "झेंडू, तुमचा मुद्दा शब्दाचा होता. त्या शब्दाबाबत मला साक्ष द्यायची आहे."

"द्या."

"त्या दिवशी मी मुलाच्या मागे उभा होतो. उपाशी होतो. शुगर उतरेल म्हणून खिशात शेवेची पुडी ठेवली होती. आमची बहीण त्याच्या कानाशी लागली तेव्हा ती काय सांगतेय ते मला ऐकू आलं. मुलगा पुढे झाला, डोळे मिटले, बोलायला लागला. मला वाटलं, हा आता उन्हातान्हात, दुःखात, काय वाटेल ते कबूल करून बसेल. त्याला थांबवायला पाहिजे. म्हणून पुडी सोडली आणि मूठभर शेव पिंडावर टाकली."

ट्रान्झिस्टर बंद असूनही मी त्याच्याकडे बघत होतो.

"कावळा शेवेला आला, झेंडू. शब्दाला नाही. पण पुडीला दोरा होता, तो लवकर सुटेना. एका वाक्याने उशीर झाला. तोवर तो 'इथेच येऊन राहीन' म्हणून गेला होता."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. तू डोळे उघडलेस." 'तुम्ही' म्हणायचं ते विसरले. "कावळा खात होता, आणि तुझा चेहरा... आईने तुझं ऐकलं असं वाटत होतं तुला. आता ते कसं काढून घेऊ तुझ्याकडून? म्हटलं राहू दे चार दिवस. मग तू सामानच घेऊन आलास."

दुधाची पिशवी मांडीवर कोमट झाली होती. खालून कोणीतरी भंगारवाल्याला हाक मारत होतं. मी हसायला लागलो आणि ते थांबेना, आणि मग ते हसणं नव्हतं. भिंत पातळ होती, पण पलीकडच्या खोलीत आता कोणीच नव्हतं. होतं ते समोर बसलं होतं. अण्णांनी स्टुलावरचा टिश्यू माझ्याकडे सरकवला. त्याने काय होणार होतं! मी शर्टालाच तोंड पुसलं. झेंडू ओला झाला.

बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "तुझं झालं?"

"झालं."

"मग जरा गच्चीवर जा. मला घर पाहिजे."

मी दुधाची पिशवी घेऊनच गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीला टेकून बसलो. समोरच्या इमारतीतल्या चौगुले काकूंच्या खिडकीतून आमच्या घरातलं सगळं दिसतं. काकू खिडकीत उभ्या होत्या, हातात डबा होता. त्यांनी खाली आमच्या बंद खिडक्यांकडे बघितलं, वर माझ्याकडे बघितलं, माझ्या छातीवरची पिवळी चिठ्ठी बघितली. मग डबा आत ठेवला आणि पडदा ओढून घेतला.

ऊन चांगलंच तापेपर्यंत मी वर होतो. दूध नासलं. सोमवारी मी ऑफिसला कळवलं.

पुढे मितालीचा अहवाल छापून आला. तिने आम्हा सगळ्यांना एकेक प्रत पाठवली, फुलांच्या नावाने. त्यात लिहिलं होतं की, परस्परांना पूर्वी न ओळखणाऱ्या झेंडू आणि जास्वंद या दोन सहभागींमध्ये अल्पावधीत आधाराचं नातं निर्माण झालेलं दिसलं. अण्णांनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाले, "निष्कर्ष बरोबर आहे." पुढची वर्षं ते सांगलीत एकटे राहिले, कोणाला काही न विचारता बाग सोडली, आणि मी गेलो की बाहेरून मिसळ आणायचे. अवघड काही बोलायचं असलं की आधी खुर्च्या मांडायचे.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दहाव्याला मी त्याच नदीकाठी उभा होतो. कावळे झाडावर रांगेने बसले होते. बघत होते, खाली येत नव्हते. गुरुजींनी घड्याळ बघितलं. मागे कुजबूज सुरू झाली. शकुआत्याला आता नीट चालवत नाही, पण ती काठी टेकत टेकत पुढे आली, आणि माझ्या कानाशी नाही, गार्गीच्या कानाशी लागली. गार्गीला परदेशी शिकायला जायचं होतं, पुढच्याच महिन्यात. आत्या म्हणत होती, अगं, आजोबांचा जीव तुझ्या बाबात अडकलाय. बाबाला सोडून कुठे जाणार नाही म्हण.

गार्गीने हात जोडले. डोळे मिटले.

माझ्या पुडीला मी दोरा बांधला नव्हता.